आधी घरे, मग पिले



गेल्या महिन्यात निपाणीच्या एका वाचकबंधूंचे पत्र आले. त्यांच्या चिरंजीवांनी दोन वर्षांपूर्वी एक कुत्री पाळली असून आता तिची पिले घ्यावीत असा घरातील तरुण मंडळींचा आग्रह आहे. ‘आपण हा अनुभव घेतला आहे असे समजते. पूर्वतयारी काय करावी, खर्च किती येतो आणि पिलांना भाव काय मिळतो, हे सविस्तर कळवावे,’ असे ते लिहितात.

पत्र वाचून मला बँकेतील माझे टेबल आठवले. कर्ज मागण्यास येणारा गृहस्थ प्रथम विचारी, ‘किती मिळेल?’ आणि आम्ही प्रथम विचारीत असू, ‘फेडणार कसे?’ पिलांच्या बाबतीतही प्रश्नांचा क्रम उलटाच हवा, हे मी गेल्या पावसाळ्यात शिकलो. त्या शिकण्याची किंमत माझ्या हातून दुसऱ्याच कोणी भरली. म्हणूनच हा लेख लिहीत आहे.

आमची हरणी ही कारवानी जातीची कुत्री. माझ्या भगिनीचे सासर जत तालुक्यात. तेथून तिने तीन वर्षांपूर्वी हे पिल्लू माझ्या नातवासाठी पाठविले. सडपातळ बांधा, लांब मुखवटा, खोल छाती आणि हरिणासारखी झेप, असे हे जनावर. सांगली-सोलापूरपासून विजापूर-बागलकोटपर्यंतच्या कोरडवाहू मुलखात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे. मुधोळचे अधिपती मालोजीराव घोरपडे यांनी या जातीस आश्रय दिला आणि तिची एक जोडी इंग्लंडचे बादशहा पंचम जॉर्ज यांना भेट दिली, असे सांगतात. म्हणून तिला मुधोळ हाउंड हे नाव रूढ झाले. २००५ साली भारतीय डाक खात्याने या जातीवर तिकीट काढले आणि ३० ऑगस्ट २०२० रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला. त्यानंतर या पिलांना शहरांतून मागणी वाढली आणि आमच्या घरातही ‘एकदा तरी पिले घेऊ या’ हा विषय निघू लागला.

मी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली कायद्याची. केंद्र सरकारने २०१७ साली श्वान पैदास व विक्रीविषयी नियम केले आहेत. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केली पाहिजे. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिची पैदास करता येत नाही, आठ वर्षांनंतरही करता येत नाही. बारा महिन्यांत एकच वेत आणि आयुष्यात पाचांहून अधिक नाहीत. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकता येत नाही. हे नियम वाचले की ते कोणत्या अनुभवातून आले असतील, याची कल्पना येते.

दुसरी गोष्ट आपल्या घरची. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांची नावे आपण लहानपणी पाठ केली. पण त्यातील ‘असतीपोषण’ म्हणजे काय, हे किती जणांनी विचारले? बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त त्याचा खुलासा केला आहे. धनासाठी जे जीव पोसू नयेत म्हणून त्यांनी सांगितले आहे, त्यात मैना, पोपट, मांजर, कोंबडा आणि मोर यांच्याबरोबर कुत्राही आहे. मी तो भाग चिरंजीवांपुढे ठेवला. चिरंजीव मालवणच्या बाजारपेठेत दुकान चालवितात. नफ्याचा विषय त्यांना परका नाही. थोडा वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बाबा, यात कुत्रा पाळू नये असे नाही, धनासाठी पाळू नये असे आहे. आपण पैसे घ्यायचे नाहीत.’ आमच्या सौ. म्हणाल्या, ‘पैसे घ्यायचे नाहीत हे ठीक. पण द्यायची कोणाला, ते आधी ठरवा.’

साऱ्या प्रकरणातील सर्वांत शहाणे वाक्य तेच होते.

नर शोधण्याआधी आम्ही घरे शोधू लागलो. ‘एक पिल्लू मलाही ठेवा हो’ असे हसत म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी वही पुढे करून विचारी : घर स्वतःचे आहे की भाड्याचे? दिवसा घरी कोण असते? गावी गेलात तर जनावर कोणाकडे? बारा-तेरा वर्षे सांभाळण्याची घरातील सर्वांची तयारी आहे का? आणि उद्या सांभाळणे अशक्य झाले, तर कुठेही न सोडता आमच्याकडेच परत आणून द्याल का? सतरा जणांपैकी तेरा जण या प्रश्नांत गळाले. चार उरले. पाचवे घर आमचे. पाच घरे झाल्यावर आम्ही पुढचे पाऊल टाकले.

हरणी तेव्हा तीन वर्षांची होती. कुडाळच्या पशुवैद्यांनी तिचे रक्त तपासले. कुत्र्यांत गर्भपात घडविणाऱ्या ब्रुसेला जंतूची तपासणीही केली. लसी पूर्ण आहेत ना, जंताचे औषध झाले ना, हे पाहिले. नर तिच्या रक्ताच्या नात्यातील असू नये, असे त्यांनी निक्षून सांगितले; थोड्या गावांत जपलेल्या जातीत हा धोका अधिक असतो. एप्रिलमध्ये ती माजावर येताच घाट चढून आम्ही जत भागात गेलो. एक दिवस मध्ये सोडून दोनदा संयोग झाला. मी दोन्ही तारखा वहीत लिहिल्या आणि पुढे त्रेसष्ट दिवस मोजले. कुत्रीचा गर्भकाळ साधारण तेवढाच. चार-पाच दिवस मागे-पुढे. हिशेब जूनच्या अखेरीस येत होता. म्हणजे ऐन पावसात.

येथे माझी पहिली चूक झाली. मुहूर्त आपल्या हाती नव्हता हे खरे. पण या खेपेस थांबून पुढच्या माजाची वाट पाहणे हाती होते. मालवणच्या जूनमध्ये भिंती घाम सोडतात, कपडे आठवडाभर सुकत नाहीत आणि विजेचा भरवसा नसतो. २०२१ च्या मे महिन्यातील तौक्ते वादळात येथे दिवसचे दिवस वीज नव्हती, हे मी विसरलो नव्हतो. तरीही उत्साहात ते मनाआड केले.

साधारण तिसाव्या दिवशी सोनोग्राफीत गर्भ दिसले. सत्तावन्नाव्या दिवशी क्ष-किरण चित्र काढले. तोवर हाडे तयार झालेली असल्याने पिले मोजता येतात. डॉक्टरांनी चित्र उजेडापुढे धरले आणि पेन्सिलीचे टोक फिरवीत मोजले. सहा. माझ्या वहीत घरे पाच होती.

आहाराचा प्रश्न आपल्या घरात सर्वांत अवघड. कुत्रा केवळ मांसावर जगणारा प्राणी नाही. नीट समतोल राखला तर तो शाकाहारावर राहू शकतो, हे डॉक्टरांनी मान्य केले. परंतु गर्भारपणाच्या शेवटच्या तीन आठवड्यांत तिला दीडपट आणि पिले पीत असताना दुप्पट-तिप्पट पोषण लागते. ‘व्रत तुमचे आहे, तिचे नाही,’ असे ते शांतपणे म्हणाले. ‘दर आठवड्याला वजन आणून दाखवा. ते घसरले, तर मी सांगेन ते खाद्य द्यावे लागेल. हे मान्य असेल तरच पुढे जाऊ.’ अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध हाही एक आहे. आश्रित जीवाला पुरेसे अन्न न देणे हा दोषच. मग न देण्याचे कारण कितीही शुद्ध असो. आम्ही अट मान्य केली. मूगडाळ, भात, नाचणी, दही, पनीर, शिजविलेले सोयाबीन आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली पूरके असा आहार दिवसातून चार वेळा थोडा थोडा दिला. कांदा-लसूण कुत्र्यास बाधतात; ते आपल्या स्वयंपाकघरात नसतातच. पण मनुका आणि बेदाणेही बाधतात, हे ठाऊक नव्हते. शेजारच्या काकींनी कौतुकाने आणलेला डिंकाचा लाडू म्हणूनच परत फिरवावा लागला. चिरंजीवांनी आणलेली कॅल्शियमची बाटलीही डॉक्टरांनी बंद केली. गर्भारपणी बाहेरून कॅल्शियम देत राहिले, तर शरीर ते हाडांतून काढण्याची सवय विसरते आणि दूध सुरू झाल्यावर मादीला झटके येऊ शकतात.

दुकानातील खोक्यांच्या फळ्या जोडून चिरंजीवांनी चार फूट लांब, चार फूट रुंद पेटी केली. भिंती दीड फूट उंच. पुढच्या बाजूस मादीला ओलांडता येईल असा ठेंगणा उंबरा. आतल्या चारही बाजूंना, तळापासून चार बोटे वर, आडव्या काठ्या ठोकल्या. मादी भिंतीला टेकून आडवी झाली, तर मागे सापडलेले पिल्लू चिरडू नये म्हणून ही पोकळी. पेटी माजघरात, जमिनीची ओल लागू नये म्हणून विटांवर ठेवली. खाली वर्तमानपत्रांच्या घड्या, वर जुनी सुती लुगडी. शेजारी टेबलावर उकळलेली कात्री, सुती दोरा, आयोडीन, कोरडे पंचे, पिलांच्या नाकातील स्राव ओढून घेण्यासाठी रबरी फुगा, तापमापक, सहा रंगांचे लोकरीचे धागे आणि दुकानातील इलेक्ट्रॉनिक तराजू. साखर तोलणारा तराजू जीव तोलायला आणलेला पाहून नातवाला मोठी मौज वाटली.

अठ्ठावन्नाव्या दिवसापासून हरणीचा ताप दिवसातून तीनदा घेतला. कुत्रीचा नेहमीचा ताप १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतो. तो ९९ च्या खाली उतरला की साधारण चोवीस तासांत ती विते. बासष्टाव्या दिवशी सकाळी पारा ९८.६ वर आला. तिने अन्न नाकारले, लुगडी उकरून एका कोपऱ्यात गोळा केली आणि धापा टाकू लागली. घरातील सारे माजघरात जमले. तेवढ्यात शेजारच्या काकी दारातून म्हणाल्या, ‘भाऊनू, पयलटकरीण आसा ती. हयसर येवडी गर्दी करू नकात.’ लाजून आम्ही बाहेर पडलो; सूनबाई तेवढ्या आत राहिल्या.

रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी पहिले पिल्लू आले. वजन ३८० ग्रॅम. हरणीने पिशवी फाडली, नाळ तोडली, पिल्लू चाटून कोरडे केले. तिला कोणी शिकविले होते? दोन वाजेपर्यंत चार झाली. मग काहीच नाही. एक तास गेला, दीड तास गेला. डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद भिंतीवर होता : अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू न आल्यास, दोन पिलांत दोन तासांहून अधिक अंतर पडल्यास, किंवा पहिल्या पिलाआधी हिरवट स्राव दिसल्यास त्वरित निघावे. भाड्याची गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवली होती. तिला फोन केला. गाडी दाराशी येऊन उभी राहिली आणि एक तास पन्नास मिनिटांनी पाचवे पिल्लू आले. पहाटे पाचच्या सुमारास सहावे. ते २६० ग्रॅमचे, सर्वांत लहान. त्याच्या गळ्यात पिवळा धागा बांधला. सहा पिले, सहा वारा, हिशेब जुळला. सहाही पिले चिकाला लागली आणि आम्ही चहा केला.

आता मुख्य गोष्ट.

नवजात पिलांना पहिले दोन-तीन आठवडे स्वतःच्या अंगची ऊब राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीतील हवा ८५ ते ९० फॅरनहाइट असावी लागते. त्यासाठी दिवा टांगला होता, गरम पाण्याच्या बाटल्या होत्या. मी पहाऱ्याची पाळी लिहून काढली होती, जणू शाखेचा वार्षिक ताळेबंदच चालला आहे. तिसऱ्या रात्री दोन ते चार ही पाळी माझी. एक वाजता वीज गेली होती. इन्व्हर्टरवर दिवा चालू होता. इन्व्हर्टर जुना आहे हे मला ठाऊक होते. पावसाचा एकसुरी आवाज होता आणि मी खुर्चीवर बसलो होतो. मला झोप लागली.

जाग आली तेव्हा अंधार होता. विजेरीच्या उजेडात पाहिले. पाच पिले आईच्या पोटाशी होती. पिवळा दूरच्या कोपऱ्यात, थंड झालेल्या बाटलीशी पडला होता. हाताला गार लागला. पण जिवंत होता. मी घाबरलो आणि कोणालाही न उठविता, भुकेला असेल म्हणून, गाईचे दूध कोमट करून थेंब थेंब त्याच्या तोंडात घातले. पहाटेपूर्वी तो गेला.

सकाळी डॉक्टरांना सर्व सांगितले. त्यांनी दोष दिला नाही, नियम सांगितला. गारठलेल्या पिलाची आतडी काम करीत नाहीत. त्याच्या तोंडात दूध घालू नये. ते पचत नाही आणि श्वासनलिकेत जाऊ शकते. आधी ऊब द्यावी, तीही हळूहळू, आपल्या छातीशी धरून. अंग उबदार झाले, तोंडात बोट घातल्यावर ते ओढू लागले, की मग दूध. आणि तेही शक्यतो आईचेच. कारण कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट स्निग्धांश आणि प्रथिने असतात. हे दोन मिनिटांत सांगता येणारे ज्ञान. कात्री, दोरा, तराजू, पाळीपत्रक, सर्व सिद्ध होते. हे एक वाक्य मी आधी विचारून घेतले नव्हते.

परसात सुरंगीच्या झाडाखाली त्याला पुरले. सौ. नी नवकार म्हटला. नातवाने मला काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

सहाव्या घराचा शोध मला त्यानंतर घ्यावा लागला नाही. ही सोय झाली असे मनात क्षणभर येऊन गेले. तो क्षण मी अजून स्वतःला माफ केलेला नाही.

उरलेली पाच पिले वाढली. रोज सकाळी वजन. आठ-दहा दिवसांत जन्मवेळेच्या दुप्पट व्हावे लागते, तसे झाले. तेराव्या दिवशी डोळे उघडले. तिसऱ्या आठवड्यात हरणीचे वजन मात्र घसरू लागले आणि डॉक्टरांची अट समोर उभी राहिली. पिलांना पातळ खीर चाटविण्यास त्याच सुमारास आरंभ करता येतो. तसे केल्याने तिच्यावरील भार हलका झाला आणि पुढच्या आठवड्यात काटा स्थिरावला. काटा आणखी खाली गेला असता, तर दिलेला शब्द आम्ही पाळला असता. पण या कसोटीला मी तिला पुन्हा उभी करणार नाही.

पिले महिन्याची झाली तेव्हा चार घरांपैकी एकाने नकार कळविला. त्यांची बदली झाली होती. त्याच आठवड्यात पर्यटकांसाठी घर चालविणारे एक परिचित आले. ‘मुधोळची पिले ना? यातले एक मला द्या,’ म्हणून त्यांनी सांगितलेला आकडा ऐकून चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले. तोवर आमचा खर्च सव्वीस हजारांवर गेला होता. तो आकडा त्याहून मोठा होता. गृहस्थ सज्जन आहेत. पण वहीतील प्रश्नांपैकी ‘दिवसा घरी कोण असते?’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर ‘फाटकाशी बांधू’ असे होते. वेगाने धावण्यासाठी जन्मलेले जनावर फाटकाशी! चिरंजीवांनीच हात जोडून नाही म्हटले. मला त्या दिवशी त्यांचा अभिमान वाटला.

आठ आठवडे पूर्ण झाल्यावर, पहिली लस आणि जंताचे औषध देऊन, तीन पिले तीन घरी गेली. प्रत्येकासोबत लस-नोंदीची वही, आहाराचा कागद आणि ‘न जमल्यास परत’ हा लेखी करार. दोन आमच्याकडे राहिली. एक ठरलेले, दुसरे थकबाकीत. हरणी पूर्ववत झाल्यावर डॉक्टरांकडून तिची नसबंदी करून घेतली.

आता निपाणीच्या बंधूंना उत्तर. पेटी कशी करावी, ताप कसा घ्यावा, हे वर लिहिले आहे. उरलेले आपले पशुवैद्य सांगतील. खर्चाचा आकडाही दिला आहे; शस्त्रक्रिया करावी लागली असती तर तो आणखी वाढला असता. भावाविषयी मी काही लिहीत नाही. आपण प्रथम कोरी वही घ्यावी आणि त्या प्रश्नांची उत्तरे देणारी सहा घरे मिळतात का, ते पाहावे. न मिळाल्यास चिरंजीवांना सांगावे की कुत्रीने एकदा तरी विणे तिच्या प्रकृतीस आवश्यक असते, ही समजूत खरी नाही. तिचे काही अडत नाही. आणि घरे मिळालीच, तर ऐन पावसाचे वेत टाळावे, इन्व्हर्टर नवा घ्यावा आणि रात्रीच्या पहाऱ्याला माझ्या वयाचा माणूस एकटा बसवू नये.

हे लिहीत असताना थकबाकीतील पिल्लू माझ्या चपलेवर डोके ठेवून झोपले आहे. त्याच्यासाठी घर शोधणे चालू आहे, असे मी घरात सांगतो. हल्ली त्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.